शेजाऱ्याचे शेवटचे बोल

फार पूर्वी, महापुरात घरदार वाहून गेलेलं एक विणकर जोडपं डोंगर ओलांडून परक्या राज्यात आलं. तिथल्या बोलीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. राजा दयाळू होता. आश्रयाला आलेल्या मोठ्या माणसांसाठी त्यानं शाळा काढली. सबंध हिवाळा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, तिथे फक्त भाषा शिकवत.

विणकर शाळेत पहिला आला. पंतोजींनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. बायको मात्र शेवटपर्यंत अडखळतच राहिली.

शाळा संपली. बायको बाजारात कापड विकू लागली. ती चुकायची, गिऱ्हाइकं हसायची, मग तीही हसायची आणि पुन्हा बोलायची. विणकराचाही एकदा भाजीवालीशी बोलताना शब्द चुकला. चारचौघं खो खो हसली. पहिला आलेला तो, ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं. तो घरात मागावर बसला तो बसलाच.

शेजारी एक म्हातारा नावाडी एकटा राहायचा. रोज अंगणातून हाक मारायचा, "ये रे बाबा, बस घटकाभर."

विणकर हात जोडून हसायचा आणि आत जायचा.

"अहो, जा की," बायको म्हणायची. "त्यांना तरी कोण आहे बोलायला?"

"जाईन गं. आधी नीट जमू दे."

वर्षं गेली. न वापरलेले शब्द विणकर एकेक करून विसरत गेला.

एका दुपारी शेजारून क्षीण हाक आली. विणकर धावला. म्हाताऱ्यानं त्याचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. विणकराला दोनच शब्द कळले, 'पाणी' आणि 'लेक'. त्यानं पाणी पाजलं. "पुन्हा सांगा" म्हणायचं होतं, तेवढंही आठवेना. तो बायकोला आणायला बाजाराकडे पळाला. दोघं परतली तेव्हा सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी नावाड्याची लेक आली. बापाशी भांडून कधीच घर सोडून गेलेली ती, बाप गेल्याचं कळल्यावर परतली होती.

"तुम्हीच होतात ना जवळ? बाबा माझ्याविषयी काही बोलले?" बायकोनं प्रश्न विणकराला समजावून सांगितला.

"बोलले," विणकर मान खाली घालून म्हणाला. "लेक, लेक... खूप बोलले. मला... नाही कळलं."

"रागावले होते?"

त्यानं जोरजोरात मान हलवली. "राग नाही. राग नाही."

एवढंच तो तिला देऊ शकला. ती उंबऱ्यावर बसून रडत राहिली.

पुढे विणकर बायकोशेजारी बाजारात बसू लागला. चुकला, लोक हसले, तरी बोलत राहिला. हळूहळू भाषा आली. पण म्हातारा काय सांगत होता, ते त्याला कधीच कळलं नाही.

तात्पर्य: चुकेन म्हणून गप्प बसलं की शिकलेलंही जातं, आणि आपल्याशी बोलू पाहणारं माणूसही.