खेमाची जोडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीत दोन गावं होती, वरवाडी आणि खालवाडी. दोन्हींच्या मधे एकच हिरवं कुरण होतं, आणि ते दोन्ही गावांच्या गुरांना पुरत नसे. त्या कुरणापायी डोकी फुटू लागली, तेव्हा राजानं निवाडा दिला, "लाठ्या खाली ठेवा. दर माघी पुनवेला दोन्ही गावांनी एकेक गडी पाठवावा. चेंडूफळीचा सामना होईल. जो जिंकेल, त्याच्या गावाचं वर्षभर कुरण."

खेळ साधा होता. मैदानाच्या मधोमध कमरेइतका उंच दोर बांधलेला. अलीकडे एक गडी, पलीकडे एक. लाकडी फळीनं चेंडू दोरावरून टोलवायचा. ज्याला तो दुसऱ्या टप्प्याआधी परतवता येणार नाही, त्याचा डाव गेला. जो आधी अकरा डाव घेईल, तो जिंकला.

वरवाडीचा गडी होता खेमा. मागच्या रेषेवर उभा राहून तो असा चेंडू हाणायचा, की समोरच्याचे हात झिणझिणायचे. पण गेल्या वर्षी खालवाडीनं राघू नावाचा चपळ गडी उतरवला. राघूनं खेमाचे टोले नुसते अडवले आणि चेंडू हळूच दोराशेजारी टाकला. खेमा मागून धावत पोचेपर्यंत चेंडू दोन टप्पे घेऊन मोकळा व्हायचा. खेमा हरला.

त्या उन्हाळ्यात वरवाडीची गुरं चाऱ्यासाठी घाटापलीकडे न्यावी लागली. वाटेत सात वासरं दगावली. खेमाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण तो दिसला की माणसं नजर खाली वळवायची, आणि ते त्याला शिव्यांहून जड जायचं.

तो गावच्या म्हाताऱ्या वस्तादांकडे गेला. "वस्ताद, रोज शंभर टोले हाणत होतो. आता तीनशे हाणीन."

"मग तीच चूक तीनशेदा पक्की होईल," वस्ताद म्हणाले. "उद्यापासून दुहेरी खेळायचं. तुझी जोडीदार गिरजा कुंभारीण."

"गिरजाकाकी? तिला धड धावता येत नाही! आणि मैदानात मला एकट्यालाच उतरायचंय. जोडी काय कामाची?"

"खेळ तर खरं," एवढंच वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोराच्या पलीकडे दोन धनगर भाऊ उभे राहिले. खेमानं टोला हाणला. तो परत आला. आणखी जोरात हाणला, तोही परत आला. समोर दोघं होते, नुसत्या ताकदीला वाट कुठून मिळणार?

"अरे, पुढं ये!" दोराजवळून गिरजा ओरडायची. "मागं राहून मला एकटीला तोंडी देतोस!"

आठव्या दिवशी चेंडू दोघांच्या मधून गेला. खेमाला वाटलं ती घेईल, तिला वाटलं तो घेईल. खेमानं रागानं फळी भिरकावली. "काकी, तुझ्यापायी गेला!"

गिरजानं फळी उचलून त्याच्या हातात दिली. "माझ्यापायी तर माझ्यापायी. पण पुढचा चेंडू येतोय. तो काय रागानं परतवणार आहेस?"

खेमा ओशाळला. त्या दिवसापासून तो तिच्याकडे नीट पाहू लागला. धनगरांचा खांदा वळला, की चेंडू कुठं येणार हे तिला आधीच कळायचं. आणि तिनं टाकलेला चेंडू दोरापलीकडे पिसासारखा उतरायचा.

"एवढा हलका कसा पडतो गं?"

"चाकावरचं ओलं मडकं तू आवळून धरशील का? फळीही तशीच सैल धर."

महिने गेले. खेमा पुढं यायला शिकला, काकीला न गाठणारे चेंडूही धावून घ्यायला शिकला, चेंडूचा टप्पा पडायच्या आधीच तो अडवायला शिकला, दोघा भावांच्या मधली वीतभर फट हेरायला शिकला.

माघी पुनव आली. दोन्ही गावं मैदानाभोवती दाटली. पहिलाच चेंडू खेमाकडे आला. सात वासरं डोळ्यांपुढं आली. भीतीनं तो पुन्हा मागच्या रेषेवर गेला आणि जीव खाऊन टोले हाणू लागला. राघू हसत हसत चेंडू दोराशी टाकत राहिला. तीन-नऊ.

खेमानं घाम पुसला. गिरजाकाकी बाजूला असती तर केव्हाच ओरडली असती, असं त्याच्या मनात आलं. त्यानं खाली पाहिलं, तर पाय मागच्या रेषेवरच होते. मग मागचे डाव मागे सोडले आणि दोन पावलं पुढं आला.

राघूचा खांदा वळला. चेंडू दोराशी उतरायच्या आत खेमा तिथं होता. त्यानं तो सैल हातानं कोपऱ्यात सोडला. चार-नऊ. राघूनं डोक्यावरून उंच चेंडू टाकला, खेमा आधीच मागं सरकला होता. पाच, सहा, सात. मधे एक डाव हुकला, सात-दहा. खेमा डगमगला नाही. आठ. नऊ. दहा-दहा.

शेवटचा चेंडू बराच वेळ चालला. राघू डावीकडे झुकला, तेवढ्यात त्याच्या पायापाशी खेमानं अलगद चेंडू सोडला. राघूची फळी मातीला घासली. चेंडू उठलाच नाही.

वरवाडीकरांनी एकच जल्लोष केला. धापा टाकत राघू दोराशी आला. "अरे, गेल्या वर्षी सगळं मैदान मोकळं दिसायचं. आज मला जागाच सापडेना!"

"इतके महिने दोघांची जागा सांभाळत होतो," खेमा म्हणाला. "आज एकट्याचीच सांभाळायची होती."

दुसऱ्या दिवशी वरवाडीची गुरं कुरणात शिरली. त्या उन्हाळ्यात गावातलं एकही वासरू दगावलं नाही.

तात्पर्य: जो जोडीदाराची बाजू सांभाळायला शिकतो, तो एकटा उभा राहिला तरी अपुरा पडत नाही.