चांगलं तोंड आत

“मी काय खुळी आहे का, ब्रदर? काल गावात घसा फोडून सांगितलं, पण एकानंही खरं मानलं नाही!”

इंगा दारातूनच ओरडली. मठात म्हातारे ब्रदर कोलम चुलीपाशी बसले होते. कित्येक हिवाळे ती त्यांच्याकडे मौन शिकायला येत होती. ते काही तिला आलं नव्हतं.

बेट पार उत्तरेला. झाड औषधालाही नाही. गवताखाली आदिमानवांची दगडी थडगी, सरकारनं राखलेली. तिथला खडाही हलवायचा नाही. बेटाभोवती गावानं रचलेली भिंत. भिंतीच्या आत शेतं. बाहेर किनाऱ्यावर मेंढरं, समुद्रातलं शेवाळ खाऊन जगणारी. भिंतीचा आपापला वाटा ज्या त्या घरानं राखायचा, नाहीतर किनाऱ्यावर मेंढरं सोडायचा हक्क जायचा.

वादळात शेजारच्या मॅग्नसच्या वाट्याची भिंत ढासळली. पडलेल्या एका दगडावर इंगाला थडग्यांवर असतात तशी कोरलेली वर्तुळं दिसली. थडग्याचा दगड!

“म्हणे मॅग्नस गरीब गाय! चोर आहे मेला. उद्या सरकारी साहेब येतायत. त्यांच्यासमोर नाव घेते. जाऊ देत त्याची मेंढरं किनाऱ्यावरून.”

“दाखव,” ब्रदर म्हणाले.

दोघं भिंतीपाशी आली. ब्रदरनी दगडावरून हात फिरवला.

“बसव परत.”

“पुरावा आहे तो!”

“बसव.”

तणतणत तिनं दगड उचलला, वर्तुळं भिंतीच्या पोटाकडे वळवली नि खटकन बसवला.

“उलटा लावलास.”

“उलटा कसला? आमच्या घरची रीत आहे. चांगलं तोंड आत ठेवायचं, नाहीतर खारा वारा खातो त्याला. माझा बाप ओलाव, त्यानं शिकवलंय मला. त्याच्यासारखी भिंत रचणारा या बेटावर दुसरा झाला नाही.”

“मॅग्नसच्या घरी कसं लावतात?”

“चांगलं तोंड बाहेर. सगळं गाव तसंच लावतं. दिखाऊ सगळे!”

“आणि हा दगड भिंतीत कसा होता?”

“आत तोंड करून. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला...”

तिचा हात दगडावरच राहिला.

“मॅग्नसचा बाप बुडाला, तेव्हा मॅग्नस पाळण्यात होता,” ब्रदर म्हणाले. “त्या साली ही भिंत पडली होती. कुणी उभी केली, इंगा?”

भिंतीपलीकडे एक मेंढी खोकली.

“बापानं ती उभी केली नसती तर मेंढरं शेतात घुसली असती,” इंगा हळू म्हणाली. “गावानं त्या बाईचा किनाऱ्यावरचा हक्क काढून घेतला असता. बाई तान्ह्याला घेऊन कुठं गेली असती? त्यानं दया केली, ब्रदर.”

“केली.”

“दगड चोरून.”

“चोरून.”

“आणि मला वाटायचं, वाऱ्यासाठी...” तिनं हातांनीच तोंड पुसलं. “मेलेल्या माणसाला आता साहेबासमोर उभा करू? ज्यानं माझा हात धरून पहिला दगड बसवला त्याला?”

ब्रदरनी दगड पुन्हा ओढून काढला, वर्तुळं वर केली आणि तिच्या हातांत दिला.

“उद्या काय सांगू मी?”

“काल मॅग्नसचं नाव घेतलंस, तेवढ्याच मोठ्यानं बापाचं घे. म्हण... ओलाव.”