पाय बरे झाले तेव्हा

फार जुनी गोष्ट. कुण्या राजाच्या मुलखात विणकरांचं एक गाव होतं. तिथल्या एका सुनेचे पाय एका सकाळी मागावर बसल्या बसल्याच गेले. वर हात धोटा फेकत होते, खाली पाय मेल्यासारखे. त्याआधी वर्षभर ती हसली नव्हती. अर्ध्या भाकरीवर उठायची, पहाटे जागी होऊन नुसती आढ्याकडे बघत पडायची. त्याचं कुणाला काही नव्हतं. माग थांबला तेव्हा मात्र सारं गाव गोळा झालं!

वैद्यबुवांनी पाय चाचपले. "पायात दोष नाही," एवढं बोलून ते निघून गेले.

"म्हणजे सोंग!" जाऊ म्हणाली. "आम्हाला नाही बाई जमत असली सोंगं."

"सोंग नाही हो, आत्याबाई," सून सासूला म्हणाली. "मी पायांना उठा म्हणते. ते ऐकतच नाहीत."

"डाग दिला की ऐकतील," सासू म्हणाली. विळा तापवला, पोटरीला टेकवला. सून किंचाळली आणि उभी राहिली.

"बघा, उतरली मस्ती!" लोक हसले.

तिथली एक रीत होती. बरं झालेल्या माणसानं नदीवरून पहिली घागर एकट्यानं आणायची. मागं कुणी गेलं तर दुखणं परतून येतं म्हणे. सून निघाली. पाय चालत होते, पण ते कुणा दुसरीचे असावेत तसे. ती फार थकली होती.

सासू दारात गूळ वाटत होती. बघते तो रिकामी घागर उंबऱ्याशी तशीच, सून ती न घेताच नदीकडे गेलेली!

रीत गेली चुलीत. सासू धावत सुटली. कमरेएवढ्या पाण्यात तिनं सुनेचा दंड धरला. "अगं, बरे झाले ना पाय?"

"पाय झाले," सून म्हणाली. "मी कुठं झाले, आत्याबाई?"

काठावर येताच तिचे पाय पुन्हा गेले. "मोडलीत ना रीत?" म्हणत जाऊ विळा घेऊन आली. सासूनं तो हिसकावून नदीत भिरकावला आणि सुनेला पाठुंगळी घरी आणलं.

"माग राहू दे," ती म्हणाली. "तुला काय होतंय ते सांग."

सांगायला सुनेला पावसाळा, हिवाळा लागला. कधी नुसतीच रडायची. सासू जवळ बसून राहायची. पाय सावकाश परतले. हसू त्याहून सावकाश.

लक्षात ठेवा, अंग रुसलं म्हणून त्याला चटके देऊ नका. आतलं माणूस किती दमलंय ते आधी विचारा.