खिंडीतल्या पहारेकऱ्यांचा सत्कार

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून पोरवयात होते आणि दर पावसाळ्यात वीतभर वाढत. अशाच एका डोंगराळ राज्याने समुद्रकाठच्या राज्याशी मैत्रीचा करार केला. डोंगरातल्या तिरंदाजांनी खाली जाऊन समुद्रकाठचं बंदर राखायचं, आणि समुद्रकाठच्या भालाइतांनी वर येऊन डोंगरातली खिंड राखायची. खिंडीपलीकडे लुटारूंची टोळी टपून बसलेली असे. खिंड पडली, तर खालचं गाव गेलं आणि करारही गेला.

भालाइतांचा नाईक हे पक्कं जाणून होता. निघताना त्याने आपल्या राणीला शब्द दिला होता, की खिंड क्षणभरही मोकळी राहणार नाही. तो लढाईला भीत नव्हता, थंडीला भीत नव्हता. डोंगरातली माणसं पाहुणचाराला किती पक्की असतात, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

भालाईत खिंडीत पोचले, तोच गावाने येऊन त्यांना ओवाळलं. मग शाली आल्या. मग हार. मग पुन्हा शाली. हारांपायी राज्यातली फुलं संपली आणि मधमाश्या वैतागून शेजारच्या राज्यात राहायला गेल्या. एक पहारेकरी तर शालींखाली इतका झाकला गेला, की त्याला टेकडी समजून एक बकरी वर चढली आणि तिथेच व्याली. खोटं वाटत असेल, तर बकरीला विचारा.

नाईक गावच्या पाटलांकडे गेला.

“पाटील, शाली पुरे झाल्या. मला माणसं द्या. माझे लोक थोडे, रात्रंदिवस तेच पहाऱ्यावर. उभ्याउभ्या डोळे मिटतात त्यांचे.”

“छे, छे!” पाटलांनी कानांवर हात ठेवले. “तुमच्या शेजारी आमची माणसं उभी केली, तर लोक काय म्हणतील? ह्यांचा पाहुण्यांवर विश्वास नाही म्हणतील!”

“मी पाहुणा नाही हो. पहारेकरी आहे.”

“हा तुमचा मोठेपणा. आता जेवूनच जा.”

नाईक जेवून परतला. करतो काय?

मग त्याने इशाऱ्याच्या जाळासाठी लाकडं मागितली. धोका दिसला की खिंडीत जाळ पेटवायचा, म्हणजे खाली गावाला कळेल. पाटलांनी जोरजोरात मान डोलावली. लाकडं काही आली नाहीत. टोपलीभर पुरणपोळ्या आल्या.

“लाकडं कुठायत?”

“हीच की!” टोपली आणणारा हसला. “तुमच्या लाकडांवरच शिजलं पुरण. गरम आहेत तोवर खाऊन घ्या.”

नाईकाने पोळी हातात घेतली, आभाळाकडे पाहिलं आणि खाल्ली. पोळी उत्तम होती, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

असंच चाललं होतं. एक दिवस दवंडी पिटली, की स्वतः राजा येऊन भालाइतांना फेटे बांधणार आहे; सगळ्यांनी गावात हजर व्हावं.

“आणि खिंड?” नाईकाने विचारलं.

“खिंड कुठे पळून जातेय?” पाटील म्हणाले.

नाही म्हणावं, तर राजाचा अपमान होऊन करारच मोडायचा. हो म्हणावं, तर राणीला दिलेला शब्द जायचा. शेवटी नाईकाने दोघांना खिंडीत ठेवलं आणि बाकीच्यांना घेऊन तो खाली उतरला. मांडवात तो टेकतो न टेकतो, तोच ते दोघेही गळ्यात हार घालून समोर हजर!

“तुम्ही इथे?”

“मीच बोलावलं,” पाटील म्हणाले. “दोन फेटे उरत होते. शुभकार्यात असं बरं दिसतं का?”

नाईक ताडकन उठला. पाटलांनी खांदा दाबून त्याला खाली बसवलं. राजा येऊन पोचला होता.

भाले पूजेसाठी फुलांखाली गाडले गेले. आधी ओवाळायचा मान कुणाचा, ह्यावरून दोन घराण्यांची जुंपली. ते मिटलं, तशी भाषणं सुरू झाली. “ह्यांच्यामुळे आपण सुखाने झोपतो!” असं प्रत्येक जण म्हणाला, आणि प्रत्येक वेळी टाळ्यांनी बिचाऱ्या भालाइतांची डुलकी मोडली.

एवढ्यात वरून एक मेंढ्या राखणारी बाई धापा टाकत आली.

“टाळ्या काय पिटताय मेल्यांनो! लुटारू खिंड उतरलेत. वरच्या वाडीत शिरलेत!”

भालाइतांनी फुलं उपसून भाले काढले. फेटे डोळ्यांवर घसरलेले, पोटात लाडू, पायांत वहाणा नाहीत. तरी धावले. लढले. लुटारूंना खिंडीपलीकडे रेटूनच थांबले. पण वरची वाडी जळाली, आणि सगळ्यांत तरुण भालाईत परत आला तो डावा हात गमावून.

राजा हळहळला. पाटील लगबगीने पुढे झाले.

“महाराज, ह्या वीराचा तर आता आणखी मोठा...”

“पाटील!” नाईक असा ओरडला, की डोंगरावरचे दगड घरंगळले. “सत्कार हा शब्द पुन्हा काढलात, तर तुम्हाला शालीत गुंडाळून लुटारूंकडे धाडीन!”

सगळा गाव दोन पावलं मागे सरला. ती मेंढ्यांवाली बाई तेवढी भीतभीत पुढे आली.

“नाईक, माझा पोरगा तुमच्या बंदरावर पहाऱ्याला आहे. त्याचेही तुमचे लोक असेच हाल करतात का हो?”

नाईकाचा आवाज खाली आला.

“नाही मावशी. आमच्या कोळीवाड्यातलं कुणी ना कुणी रोज त्याच्याबरोबर उभं राहतं. त्याला पोटभर भात-कालवण मिळतं. डोळे जड झाले, की तो झोपतो आणि आमचा माणूस जागा राहतो.”

“आणि भाषणं?”

“भाषणाला वेळ कुणाला आहे?”

राजाने हे ऐकलं आणि एकही भाषण केलं नाही. राजांच्या बाबतीत हे नवलच म्हणायचं. त्याने जखमी पोराचा भाला उचलला आणि खिंडीची वाट धरली. राजाच निघाला म्हटल्यावर गाव मागे कसा राहणार? ज्याला जे हत्यार सापडलं, ते घेऊन जो तो निघाला. पाटील “गुडघा, गुडघा” करत गेले, पण गेले. त्या दुपारी भालाईत एका झाडाखाली आडवे झाले आणि ह्या मुलखात आल्यापासून पहिल्यांदाच निर्धास्त घोरले.

तेव्हापासून घरटी एक माणूस आळीपाळीने खिंडीत उभं राहू लागलं. पाटलांची पाळी असली, की ते ससा दिसला तरी बोंब ठोकत, पण जागे राहत. पुढे लुटारू पुन्हा आले. डोंगरातली धनुष्यं आणि समुद्रकाठचे भाले खांद्याला खांदा लावून उभे दिसले, तसे ते आल्या पावली परत फिरले. वरची वाडीही पुन्हा वसली. त्या पोराचा हात मात्र काही परत आला नाही. गावाने केलेल्या सत्काराची किंमत त्याने भरली.

लहानथोरांनी ध्यानात ठेवावं ते एवढंच: आपलं घर सोडून जो मित्र आपली वेस राखायला येतो, त्याला मान द्यायचा असेल, तर त्याच्या शेजारी पहाऱ्याला उभं राहावं.