शेवंतीची रात्र

परीने दिलेल्या दिव्याची कथा अनेक गावी सांगितली जाते. समुद्राकाठच्या कथनात तो दिवा मासळी पळवून लावतो. डोंगराकडच्या कथनात मुलगी तो फोडते आणि त्याच्या ठिकऱ्यांचे काजवे होतात. फुलमळे राखणाऱ्या कुटुंबांतले कथन या दोहोंहून उदास आहे. त्यात दिवा परत करावा लागतो.

ते असे. सगुणा नावाची आठ वर्षांची मुलगी आईबापांसोबत शेवंतीच्या मळ्यात राहत होती. एका काळोख्या संध्याकाळी बांधावरून येताना तिच्या बापाला पान लागले. त्या गावात दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेत नाहीत. तो चावला तर पान लागले एवढेच म्हणतात. बाप गेला. तेव्हापासून दिवस मावळला की सगुणा दाराची कडी लावून घेई, आणि आई मळ्यातून परतेपर्यंत फटीला डोळा लावून बसे.

बापाची एक रीत मात्र मायलेकींनी मोडली नाही. बहर संपताना प्रत्येक झाडावरचे शेवटचे फूल झाडालाच ठेवायचे. माघात घरातले पीठ संपले, तरी सगुणाने त्या फुलांना हात लावला नाही. त्याच सांजेला कोपऱ्यातल्या पिवळ्याजर्द फुलातून बोटभर उंचीची परी बाहेर आली. तिच्या रुपेरी पंखांवर केशरी परागांची भुकटी चमकत होती.

"तू माझे घर तोडले नाहीस," परी म्हणाली. "एक काहीतरी माग, बाळे."

"उजेड दे. खूप दे! आईचा पाय कुठे पडतो ते दिसू दे."

"देते. पण तो मावळतीला लागेल आणि उजाडेपर्यंत विझणार नाही. शिवाय मी उजेडात येत नाही. पुन्हा भेटायचे झाले, तर तुलाच एकटीने अंधारात यावे लागेल."

मळ्याच्या मधोमध ताडाएवढ्या खांबावर मोठा पांढराशुभ्र दिवा लागला. सारे गाव पाहायला लोटले. शेजारच्या रखमाकाकूने तर त्याच्याखाली तांदूळच निवडायला घेतले. "सगुणे, सूर्याला घरजावई करून घेतलंत की गं!" काकू म्हणाली, आणि बाप गेल्यापासून प्रथमच आई हसली.

पुढे आकाशातल्या चांदण्या दिसेनाशा झाल्या. चिमुकले पतंग दिव्याभोवती रात्रभर फिरत आणि सकाळी खाली मरून पडलेले असत. सगुणा ते सुपलीत भरून उचली. भाद्रपद आला. शेवंती कमरेएवढी हिरवीगार वाढली, पण कळी धरेना. आईने शेणखत घातले, नवस बोलून पाहिला. शेवटी ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत फूल आलं नाही तर मळा सोडायचा. मी परगावी कामाला जाईन. तू मामाकडे राहा."

सगुणा विहिरीमागे जाऊन रडत बसली. विहिरीच्या उंच कठड्यामुळे दिव्याचा उजेड तिथे पोचत नसे. त्या सावलीत शेवंतीची तीन झाडे होती, आणि तिन्हींवर मुगाएवढ्या कळ्या होत्या.

ती आईला ओढत तिथे घेऊन आली. "आई, आपल्या झाडांना रात्रच मिळत नाही गं!"

आईने वाकून एक कळी बोटाने चाचपली. "आणि तुझ्या बापाला अंधारानंच नेलं, त्याचं काय?"

"मी परीला भेटते," सगुणा म्हणाली. "दिवा परत घ्यायला सांगते."

विहिरीमागे नुसती सावली होती; खरा अंधार उरला होता तो फक्त ओढ्याकाठच्या केतकीच्या बनात, आणि तिथे साप असतात हे साऱ्या गावाला ठाऊक होते. आई तिच्याबरोबर उजेडाच्या शेवटच्या रेघेपर्यंत आली. तिथे तिने बापाची काठी सगुणाच्या हातात दिली. "आपटत जा. मी इथंच उभी आहे."

ठक्, ठक्, ठक्. सगुणा एकटीच बनात शिरली. केतकीच्या पानांवर परी बसली होती. तिचे पंख राखेसारखे झाले होते.

"तुझा दिवा परत घे," सगुणा म्हणाली.

"आणि तुझी भीती?"

"ती राहू दे. पण माझ्या पावलापुरता उजेड देशील? वर जाणारा नको, बाजूला सांडणारा नको. घरी पोचले की मी तो विझवीन."

"एक मागणे परत केलेस, म्हणून एक तुझे उरले." परीने केतकीचे पान दुमडून त्याची टोपी केली, तिच्याखाली मधाच्या रंगाची ठिणगी ठेवली आणि तो चिमणा कंदील सगुणाला दिला. मग तिचे पंख लखलखले, ती सोनेरी कणांत विरली, आणि ते कण मातीला टेकण्याआधीच विझले. दूर मळ्यातला दिवाही विझला.

"सणासुदीचे दिवस आले आणि हा काळोख?" रखमाकाकू कडाडली. सगुणाने कंदील काकूच्या पायांपुढे धरला आणि बांधावरून तिला घरापर्यंत पोचवले. तरीही काकू कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

वसुबारसेच्या सकाळी आईने पिवळ्या फुलांची पहिली पाटी भरली. मामाकडे कोणी गेले नाही. माघात बहर संपला, तेव्हा सगुणाने प्रत्येक झाडावर एक फूल ठेवले, सांजेला कंदिलाच्या उजेडात ती आईला घेऊन घरी आली, आणि तिने कंदील विझवला.