न जुळणाऱ्या पानांचा जमखाना

धावरे गावच्या कोष्टीपेठेत चौंडेश्वरीचं देऊळ आहे. श्रीतुळाजी महाराज एका गावी चार दिवसांहून अधिक टेकत नसत; पण या देवळाच्या ओसरीवर आले ते पाच महिने हललेच नाहीत. का राहिले, हे त्यांनी सांगितलं नाही. पुढची हकीकत ऐकली की, भक्तहो, तुम्हीच ओळखाल.

पेठेत घरोघर जमखाने विणले जात. लग्नाकार्यात पंगतीच्या पंगती बसवणारी ही जाड, नक्षीदार बिछायत. गोजराबाईचा नवरा शिवाप्पा वारला आणि ती त्याच्या मागावर बसली. पेठेचे चौधरी निंगाप्पा होगाडे यांच्या पोटात दुखलं. बाईमाणसाने सुताच्या कांड्या भराव्यात, मागाला हात लावू नये, असं त्यांचं मत. पण सरळ नाही म्हणतील तर चौधरी कसले! त्यांनी अट घातली. पौष पौर्णिमेच्या शाकंभरी उत्सवाला देवीच्या मंडपात अंथरायचा जमखाना गोजराने विणावा. परीक्षेत उतरला तर माग तिचा. नाही उतरला तर माग उचलून न्यायचा आणि तिने जन्मभर दुसऱ्याच्या कांड्या भरायच्या.

परीक्षा पेठेच्या रिवाजाची होती. जमखाना मधोमध दुमडायचा आणि वरच्या फुलात दाभण टोचायचा. खालच्या फुलात तो नेमका त्याच जागी निघाला, तरच माल खरा.

गोजराबाईने महाराजांना विचारलं, "देवीसाठी काय विणू?"

महाराज म्हणाले, "शाकंभरी ती, झाडपाल्याची धनीण. बाहेर जा, दिसेल ते विण."

शब्द म्हणजे शब्द! गोजराबाई रोज सकाळी पेठेत हिंडायची, एक पान खुडून आणायची, ताण्याच्या दोऱ्यांत अडकवायची आणि त्याच्याकडे बघत विणायची. वाकडं तर वाकडं. किडीने खाल्लेलं असलं, तर खाल्लेली जागासुद्धा विणायची. शेजारणी म्हणाल्या, "अगं, कमळं काढ, मोर काढ! हा पाचोळा देवीला घालतीस व्हय?" ती हसायची. विणलेला भाग मागाच्या तुरीवर, त्या आडव्या दांड्यावर, गुंडाळला जाई, त्यामुळे सगळा जमखाना एकदम कुणालाच दिसत नव्हता, तिलाही नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी तो मागावरून उतरला, अंगणात पसरला, आणि गोजराबाईच्या पायांखालची जमीन सरकली. डावीकडचं एकही पान उजवीकडच्या पानासारखं नव्हतं. ती धावत ओसरीवर गेली.

"महाराज, घडी जुळत न्हाई हो. माझा माग गेला!"

महाराज पेरू खात होते. "पानं बघून विणलीस ना?"

"व्हय."

"मग झालं," म्हणाले, आणि पेरूची उरलेली फोड तिच्या हातावर ठेवली. एवढाच काय तो धीर!

पौर्णिमेला सकाळी मंडप भरला. देवीला भाज्यांची आरास केली होती. चौधरींनी जमखान्यावर नजर फिरवली आणि पोट धरून हसले. "घडी कशाला घालायची? आंधळ्यालाबी दिसंल! ह्ये किडकं पान बघा, गोजरे, याचा जोडीदार कुठं हाय?"

गोजराबाईची मान खाली गेली. "न्हाई, मामा. तसं पान एकच गावलं."

लोक हसले. शिवाप्पाच्या मागाची फणी आता दुसऱ्याच्या हाती जाणार, एवढंच तिला कळत होतं.

महाराज ओसरीवरूनच म्हणाले, "चौधरी, रिवाज पुरा करा. दाभण तुमचा, हातही तुमचा."

चौधरींनी जमखाना दुमडला, कड कडेला लावली, एका पानाच्या टोकात दाभण खुपसला आणि खालून पाहिलं. दाभण पानाच्या टोकातच निघाला होता. त्यांनी दुसरं पान घेतलं, मग तिसरं. टोकाखाली टोक, देठाखाली देठ! हट्टाला पेटून त्यांनी किडक्या पानाच्या भोकात दाभण घातला. खालच्या पानालाही भोक होतं आणि दाभण त्याच्या मधोमध होता.

चौधरींनी झटक्यात घडी उघडली. पलीकडचं पान धडधाकट! एकाही पानाला जोडीदार नव्हता. पुन्हा दुमडलं, तर सगळी जुळली. तीन वेळा उघडलं, तीन वेळा दुमडलं.

चौधरी महाराजांचे पाय धरायला धावले. पण महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको. जिनं पाहून विणलं, तिच्या कामापुढं वाका."

साठी उलटलेले चौधरी गुडघ्यांवर आले आणि त्यांनी जमखान्यावर डोकं टेकलं. टेकलं ते वर उचलेनाच. लोक घाबरून पुढे झाले, तर म्हातारा त्या किडक्या पानावर बोट फिरवत रडत होता.

"गोजरे, ह्ये करंजाचं पान... माझ्या दारातल्या?"

"व्हय, मामा. तुमच्याच दारातलं."

"जन्मापास्नं त्याच्या सावलीत बसतोय," चौधरी म्हणाले, "आन् पान आज बघितलं."