उंदराचं ठिगळ

नगाऱ्याचा आवाज तीन डोंगर ओलांडून जातो, मग मेलेल्या माणसापर्यंत का जात नाही?

मी गुरवाला विचारलं, वैदूला विचारलं. एकाने पाठीवरून हात फिरवला, दुसऱ्याने काढा पाजला. माझी आक्का मला जेवायलासुद्धा नगाऱ्यानेच बोलवायची. एक लांब ठोका, दोन आखूड. मी नदीपलीकडे असलो तरी धावत यायचो!

तिचं तेरावं व्हायच्या आत दरबारातून बोलावणं आलं. दामाशेट नगारेवाल्याने फिर्याद केली होती, की आक्काने त्याच्या कारखान्याचं गुपित चोरलं!

आमच्या सोनकड्याच्या राज्यात निरोप नगाऱ्यानेच चालतात. एका गडाने ठोका द्यायचा, पुढच्या गडाने ऐकून तसाच पुढे धाडायचा. पण धुकं उतरलं की कातडं सादळायचं आणि गड मुके व्हायचे. आक्काने कातडं कमवायची नवी रीत काढली, मलाही शिकवली. तिचा नगारा ऐन धुक्यातही गर्जायचा. आक्काचं नाव गोदी, म्हणून लोक त्याला ‘गोदीचा नगारा’ म्हणू लागले.

मग ती तापाने अंथरुणाला खिळली. त्याच वेळी दामाशेटने देवीच्या जत्रेसाठी म्हणून आमचा पहिला नगारा मागून नेला. जत्रा कधीच उठली, नगारा काही येईना! परत आला तो आक्का गेल्यावर. मेल्याने तो हुंगून, खरवडून, चाटूनसुद्धा पाहिला असणार. आणि आता म्हणत होता, गुपित माझंच! दरबाराने त्याचं ऐकलं असतं, तर गडोगडी ‘दामाशेटचा नगारा’ वाजला असता. आक्का तर गेलीच होती, तिचं नावही गेलं असतं.

महाराज सदरेवर बसले होते. भारी हट्टी माणूस!

“पुरावा द्या!” ते म्हणाले. “पण गुपिताचा एक शब्दही इथे फुटता कामा नये. शेजारच्या राजाचे हेर कुठे बसले असतील, सांगता येत नाही. जो गुपित बोलेल, त्याची गाढवावरून धिंड!”

“पण महाराज,” दिवाणजी पुटपुटले, “गुपित न सांगता ते आपलं आहे हे सिद्ध कसं करायचं?”

“तो विचार त्यांनी करावा. मी निवाडा करणार!”

दामाशेट पुढे आला. मागे त्याचे पाच नवे कोरे नगारे; माझ्याजवळ आमचा तो एकच. “सरकार, माझा माल बघा आणि यांचं ते एकुलतं एक जुनं ढोलकं बघा! अहो, बाईमाणसाने भाकऱ्या थापाव्यात. नगारे कसले करते?”

मी उडीच मारली! त्याची पगडी माझ्या हातात आली आणि मी भालदारांच्या हातात!

“सोडा त्याला,” महाराज म्हणाले. “कोण रे तू?”

“मल्हू. गोदीचा भाऊ.”

“तोंडाने भांडता येतं, की नुसतं हातानेच? जा, पगडी दे त्याची.”

पगडी द्यायला गेलो आणि ते पाच नगारे जवळून दिसले. प्रत्येकाच्या कडेला एक ठिगळ. कोयरीसारखं, जरा वाकडं. मला हसू फुटलं. आक्का गेल्यापासून पहिल्यांदाच!

“शेटजी, हे ठिगळ कशाला हो?”

“पाहिलंत, सरकार? उरलंसुरलं गुपित काढून घ्यायला आलाय!”

“गुपित नका सांगू. ठिगळ कामाचं की शोभेचं, एवढंच सांगा.”

“कामाचं! त्याच्याशिवाय हा नगारा मुका! माझ्या आजोबांनी आखून दिलेला आकार आहे तो, तसूभर इकडेतिकडे चालत नाही!”

“महाराज,” मी म्हणालो, “एक सुरी मिळेल का?”

दोन्ही भालदार एकदम पुढे सरकले.

“अहो, शेटजींसाठी नाही! ठिगळासाठी!”

मी आमच्या नगाऱ्यावरचं तसलंच ठिगळ सोडवलं. खाली बोट जाईल एवढं भोक होतं. दिवाणजींनी वाकून पाहिलं. “अरेच्चा! हे तर उंदराने कुरतडलंय!”

“तर काय! ताजं कमावलेलं कातडं, उंदराला सणच वाटला! आक्काने उंदराला शिव्या दिल्या, झाकण ठेवलं नाही म्हणून मला दिल्या, आणि आपली जुनी वहाण कापून ठिगळ लावलं. टाचेचा तुकडा आहे, म्हणून वाकडा. आता शेटजींची ठिगळं काढा!”

भालदारांनी पाचही काढली. खाली कातडं धडधाकट!

“शेटजी,” मी विचारलं, “आमच्या ठिगळाखाली उंदराचे दात आहेत. तुमच्या आजोबांचा उंदीर कुठे गेला?”

दामाशेट घाम पुसत म्हणाला, “भोक... भोक लागतंच असं नाही! ठिगळाने आवाज...”

मी टिपरू उचललं आणि त्याच्याच बिनठिगळाच्या नगाऱ्यावर हाणलं. धडाड्! सदरेवरची कबुतरं उडाली. समोरच्या गडानेही इमानाने ठोका परत दिला!

“ठिगळाशिवाय मुका ना हो, शेटजी?”

महाराज एवढे हसले, एवढे हसले, की शेल्याने डोळे पुसायची पाळी आली. “दामाशेट! रीत चोरलीस ते ठीक, उंदराची करामतही चोरलीस? जा, आता गडावरचे सगळे उंदीर तू धरायचे! आणि मल्हू, गडोगडी गोदीचाच नगारा बसेल, तो तूच करायचास. आणखी काय हवं, माग!”

“एक ठोका द्यायचाय, महाराज. सगळ्या गडांवर जाईल असा.”

“ठोका? कसला ठोका?”

“‘जेवायला ये’चा.”

“अरे, मग सगळे पहारेकरी पहारा टाकून भाकऱ्या खायला बसतील की!” महाराज पुन्हा हसायला लागले. हसता हसता माझ्याकडे पाहून थांबले. “वाजव,” म्हणाले.

मी वहाणेचा तुकडा खळ लावून होता तिथेच चिकटवला. तो वाळेपर्यंत थांबलो. मग बुरुजावर चढून एक लांब, दोन आखूड वाजवले. समोरच्या गडाने घेतले, त्याच्या पुढच्याने घेतले, आणि मला ऐकू येईनासं झालं तरी ते पुढे जात राहिले.

मी आक्काला जेवायला बोलावलं.